कंचं सरकार जिंकलं

आमी भोरचं पिंजारी, आजा पिंजारी, बाप पिंजारी, म्हंजे कापूस पिंजायचा आन् गाद्या भरायच्या, भातकापणी झाली की उत्रोलीपास्नं भाटघरपत्तुर गावं हिंडायची, कापूस पिंजायची धुनकी अब्बांच्या खांद्यावर आन् सुई-दोरा माज्याकडं. काय सांगू दादा तुमाला, जल्म सगळा कापसात गेला, तवा म्या सांगीन ते जरा गुतल्यालंच आसंल, तुमी उकलून लिवा.

लगीन झालं तवा माजे मालकबी पिंजारीच व्हते, पर त्यांचा जीव काय धुनकीत रमंना, मुंबईला गेले आन् तिथनं बोटीवर आगवाले झाले. आगवाला म्हंजे बोटीच्या पोटात ऱ्हाऊन भट्टीत कोळसा घालायचा. एकदा घरी आले, हाताला ह्ये मोठं फोड, म्या इचारलं दर्या कसा आसतो वो, तर म्हणले, मला काय ठावं, मला नुसती भट्टी दिसती. लई हासलो आमी. परत गेले ते गेलेच, म्या अब्बांच्याच घरी ऱ्हायले.

मग गोदीत काम करणारा वळखीचा एक माणूस आला, म्हणला, वहिनी, त्यांची बोट धान्य घिऊन स्पेनला चालली व्हती, तितल्या सरकारसाठी, आन् वाटंत बंडवाल्यांनी धरली, माणसं अडकवून ठिवली. सरकार जिंकलं तर सुटतील, बंडवाले जिंकले तर काय सांगता येत न्हाई. स्पेन कुठं हाय ते त्यालाबी धड सांगता येईना. म्या आपली येवढीच गाठ मारली, सरकार जिंकाय पायजे.

आता भोरात सरकार म्हंजे कोण, तर राजेसाहेब. आन् बंडवाले म्हंजे ती खादीची टोपीवाली पोरं, ज्यास्नी अख्खं गाव मनातनं चांगलं म्हणायचं. आन् म्या पीराम्होरं बसून मोठ्यांदा, या अल्ला, सरकारला जिंकू दे! झालं, बाया बोलंनात माज्याशी, नदीवर धुणं आपटत म्हणायच्या, आली बगा सरकारची लाडकी. कचेरीतला शिपाई दारात यिऊन शाबास म्हणला, तुज्यासारखी रयत पायजे म्हणला. म्या म्हणलं, आवो त्ये सरकार न्हाई, दुसरं सरकार. तर भडकलाच त्यो, दुसरं कंचं गं सरकार?

मास्तरांकडं गाद्या भरायला जायची म्या, ते खादी घालायचे आन् ओट्यावर बसून पेपर मोठ्यांदा वाचायचे. त्यास्नी इचारलं. ते म्हणले, बानू, तिथं सगळं उलटं आहे, सरकार गरिबांनी निवडलेलं आन् बंड केलंय फौजेतल्या बड्या लोकांनी. म्या म्हणलं, बडे लोक कशाला बंड करत्याल, त्यास्नी काय कमी हाय? ते म्हणले, कमी होईल म्हणून. आन् मशिदीत अब्बांना कुणी सांगितलं, बंडवाल्यांच्या फौजेत मुसलमान शिपाई लई हायेत. मग अब्बा म्हणायचे, बंडवाल्यांसाठी दुवा कर पोरी, आपली माणसं आपल्या माणसाला सोडतील. येका घरात बाप बंडवाल्यांच्या बाजूला, लेक सरकारच्या, आन् दुवा दोगांचीबी येकाच माणसासाठी. अल्लानं तरी काय समजावं?

मग येक दिवशी मास्तरांनी वाचलं, लढाई संपली, बंडवाले जिंकले. म्या भरल्याल्या गादीत तोंड खुपसून रडले. अब्बा म्हणले, आता वाट बगू नगंस, वरवे गावचा येक बिजवर हाय, माणूस चांगला हाय, निका लावून दिऊ. म्या व्हयबी म्हणले न्हाई आन् न्हाईबी म्हणले न्हाई. अब्बा वरव्याला बोलणी करायला निघणार, त्याच सकाळी मास्तरांचा पेपर चालू व्हता, आता दुसरीच मोठी लढाई पेटली व्हती, आन् त्यात आलं, स्पेन सरकारनं सांगितलं की आमी ह्या लढाईत न्हाई. म्या सुई टाकून उठले. मास्तर, काय म्हणलात? स्पेन सरकार? म्हंजे सरकार हाय? सरकारच जिंकलं व्हय शेवटाला? मास्तरांनी तोंड उघडलं, माज्याकडं बगितलं, पेपरची घडी घातली आन् म्हणले, चहा घेतेस का. चहा कुणाला पायजे! म्या पळत घरी, अब्बा, सरकार जिंकलं, ती बोलणी मोडा.

तवापास्नं माज्या डोक्यात सरकार जिंकल्यालंच स्पेन. तिथं बंडवाले तुरुंगात, माजे मालक सुटल्याले, बोट मिळंना म्हणून तेवडे थांबल्याले. ते वरंध्याच्या घाटानं येतील का पुण्याकडनं, ह्येचा इचार करत म्या टाके घालायची. लई सुखाची वर्सं व्हती ती, खोटं कशाला सांगू.

आन् मग हितलं संस्थान गेलं. मिरवणूक निघाली, खादीवाली पोरं कचेरीत खुर्चीवर बसली, आन् दवंडीवाला वरडत आला, सरकारचा हुकूम हाय हो. म्या म्हणलं, सरकार तर गेलं की काल. शेजारीण म्हणली, आगं येडे, आता हेच सरकार, जिंकल्यालं आसतंय तेच सरकार. म्या रस्त्यातच खाली बसले. समदं गाव नाचत व्हतं आन् म्या रडत मास्तरांकडं. म्हणलं, मास्तर, स्पेनातबी आसंच झालं व्हतं का? ते मान खाली घालून म्हणले, व्हय बानू.

मास्तरांनी तवा खरं सांगितलं आसतं तर आज वरव्याला माजी पोरंबाळं आसती. न्हाई सांगितलं म्हणून येवडी वर्सं माजे मालक जित्ते व्हते. ह्यातलं कंचं बरं व्हतं, मला काय अजून उमगंना, तुमाला उमगलं तर सांगा.

आता अब्बा न्हाईत, धुनकी म्याच चालवते. तुमी येवडं बसून ऐकलं, अल्ला तुमाला बरकत देवो. दुवा मागताना म्या आता सरकारबी म्हणत न्हाई आन् बंडवालेबी म्हणत न्हाई. म्हणते, तिथं कुणाचं राज्य आसंल त्येचं आसंल, त्येनं माज्या माणसाला येळंवर जेवाय घालावं. लई खाणारा माणूस न्हाई वो, दोन भाकरीत भागतं त्यांचं.