वंदनेला जोडलेले दोन्ही हात

न्हाई न्हाई भन्ते, तुम्ही नका उठू — मी बसते हितं खालच्या पायरीवर. मराठी कळत न्हाई तुम्हाला, व्हय ना? आत्ता तुमच्याम्होरं त्रिसरण म्हणलं, तवा तेवढी मान हलवली तुम्ही. असू दे. शेजारी कुणी असलं की बरं वाटतं. पाणी देताय? द्या. मी जाईबाई, दौंडची. चौतीस जण आलोय आम्ही टूरसंगं, बुद्धपौर्णिमेला, समदी पांढऱ्या कपड्यात — आन् तिथंच चुकलं. आमच्याकडं या दिवशी पांढरं पातळ नेसलेली बाई दिसली की ती आपलीच, विहाराकडं निघालेली. वंदना झाली, डोळं पुसले, म्होरं पांढऱ्या कपड्यातल्या बाया चालल्या व्हत्या — मी आपली खाली मान घालून त्यांच्या मागं. दोन अंगणं ओलांडली, पूल ओलांडला, मग एकीनं वळून बघितलं — तोंड निराळंच! तुमच्या ह्या देशातल्याच बाया त्या. हितं बी आज समदी पांढरंच घालत्यात, हे कुणी सांगितलं व्हतं मला?

पासपोर्ट विनोदकडं. विनोद म्हंजी आमचा टूरवाला, शिरूरचा. हाटेलाची चिठ्ठी हाय बटव्यात — माझी बी आन् ह्यांची बी. हे म्हंजी आमचे मालक, बबनराव, रेल्वेतनं रिटायर झालेत. त्यांची चिठ्ठी मी का ठेवली? अवो, ते हरवत्यात म्हणून. म्हंजी चिठ्ठी हरवत्यात. चिठ्ठी. — ते गाडीत बसले असतील आता. विनोद मोजून घेतो माणसं. बसलेच असतील.

दीड वरीस झालं भन्ते, विसराय लागलेत. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग घर. एकदा निघाले ते कासुर्डीला सापडले, सोलापूर रोडच्या मधी उभे, दोन्हीकडनं ट्रक. तवापासनं हात सोडत न्हाई मी त्यांचा. आमचा सतीश सणसवाडीला कंपनीत हाय, त्यो म्हणला, आई, आप्पांना न्यायचं न्हाई. पर जल्मभर एकच म्हणायचे, जिथं समदा देश बुद्धाला हात जोडतो ते एकदा बघायचंय. मग कवा दाखवायचं? डोकं पार रिकामं झाल्यावर? टूरच्या फारमावर पुसलं व्हतं, काही आजार हाय का. म्या लिवलं, न्हाई. म्या, माझ्या हातानं. खरं लिवलं तर नेतील व्हय कुणी? आन् मघाशी शील घेतलं, खोटं बोलणार न्हाई म्हणून. दोन्ही हात जोडून घेतलं. — दोन्ही हात. एका हातात त्यांचा हात असतो माझ्या... सोडला असणार मी. भ्या वाटतंय भन्ते, लई भ्या वाटतंय.

त्यो बघा, विनोद! अरं, हितं हाय मी, हितं! दम खा, दम खा, मी सापडले ना? — आं? "आन् आप्पा?" म्हंजी? तुझ्यासंगं न्हाईत? माझ्यासंगं कुठनं असतील? गाडीत बघितलंस? मागच्या सीटवर?... न्हाई, माइकवरनं नको पुकारू. ओ देणार न्हाईत. अरं, ऐकू येतंय त्यांना, सोताचं नाव कळत न्हाई! म्या लपवलं तुझ्यापासनं — मागनं बोल काय बोलायचं ते. जो हात धरंल त्याच्यामागं जात्यात ते. मला नको उठवू. पळ!