साड्यांचं नाव आणि काकूंचा फोन

इंटरनेटवर कुणाला सल्ला विचारू नका. मी एकदा विचारला होता.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. दिवसा बनारसमधल्या बँकेत नोकरी, आणि संध्याकाळी वेबसाइटची नावं शोधायची. चांगलं नाव आधी घेऊन ठेवायचं, मग गरजवंताला विकायचं. शेजारच्या गोदूकाकूंचा अमेरिकेतला जावई श्रीरंग याच नादातला. त्यानंच मला अशा लोकांच्या ईमेल ग्रुपमध्ये घेतलं. मला बनारसी साड्यांसाठी एक झकास नाव सुचलं, तसं मी ग्रुपवर विचारलं, "कसं आहे?" कुणी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते घ्यायला बसलो, तेवढ्यात काकू आल्या. मुलीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलेलं, आणि जावयाचा फोन आमच्याकडेच येणार. आमची लाइन एकच, तीही नेटला लावलेली.

"काकू, पाच मिनिटं."

"कर बाबा आरामात," म्हणाल्या, आणि संकठादेवीचा जप करत बसल्या. पाच मिनिटांचा तास झाला. पान काही उघडेना. काकूंचा जप मोठ्यानं होऊ लागला आणि बायको दारातून माझ्याकडे बघत होती. शेवटी मी वायर उपटली.

लगेच घंटी वाजली. काकूंनी ऐकलं, डोळे पुसले.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

माझा जीव भांड्यात पडला.

"तुलाही निरोप आहे. दवाखान्यातून घरी येऊन जावई केव्हाचे फोन लावत होते, पण लागेना. मग नुसतं काय बसायचं, म्हणून कंप्युटर उघडला. तू विचारलेलं साड्यांचं नाव फार छान आहे म्हणाले. त्यांनी घेऊन टाकलं."