‘ऐकलं’ म्हणणारी माणसं

पिट्सबर्गच्या त्या दवाखान्यात नंबर यायला अवकाश होता, म्हणून लॉरेटाबाईंनी मासिक उघडं धरलं आणि कान मागच्या बाकाकडे लावले. तिथे दोन मैत्रिणी बसल्या होत्या. त्यातली कोरिन हॉटेलात स्वयंपाकी होती.

“छातीत धडधडतं, हे तुमच्या शेफबाईला सांगितलंस का?”

“काल सांगितलं, ऐन गर्दीत. म्हटलं, शेफ, मला झोप लागत नाही, हात थरथरतात.”

“मग?”

“म्हणाली, ‘ऐकलं.’”

“एवढंच?”

“अगं, आमच्या भटारखान्यात कोणी काही बोललं की ‘ऐकलं’ म्हणावंच लागतं. तवा तापलाय, ऐकलं. मासे संपले, ऐकलं. मग माझं ऐकूनही सगळेच ओरडले, ‘ऐकलं.’ भांडी घासणारासुद्धा.”

“म्हणजे तुझं दुखणं आणि संपलेले मासे एकाच पंगतीला.”

“मलाही तसंच वाटलं. आज सकाळी नोकरी सोडायचं ठरवूनच गेले.”

लॉरेटाबाईंच्या हातातलं पान उलटायचं राहिलं.

“सोडलीस?”

“माझ्या वाटचे कांदे कोणीतरी चिरून ठेवले होते. पोतंभर. माझ्या सुरीला धारसुद्धा लावलेली.”

“कोणी गं?”

“तेच विचारलं ना मी, सगळ्यांना ऐकू जाईल असं. शिंकलं तरी ‘ऐकलं’ म्हणणारी माणसं ती.”

“मग काय म्हणाले?”

“काही नाही. सगळे खाली माना घालून कामाला लागले. एकाच्याही तोंडून ‘ऐकलं’ निघालं नाही.”