ब्रेकचा हिरवा दिवा

गाड्यांच्या तपासणीला नंबर लावून मी तिथल्या खोलीत डोळे मिटून नाम घेत बसले होते. शेजारी बापलेक बोलत होते.

“बाबा, डॅशबोर्डवरचा ब्रेकचा दिवा लालच हवा, असा नियम आहे. हिरवा कशाला रंगवलात?”

“तुझ्या आईसाठी. लाल पेटला की दार उघडून उतरायलाच निघायची!”

“आणि हिरवा पेटला की?”

“खुशाल घोरायची.”

“आता आई नाही, बाबा. लालला घाबरणार कोण?”

“हिरवा दिसला की शेजारची सीट भरल्यासारखी वाटते गं.”

“रंग नाही काढला, तर गाडी रस्त्यावर येऊ देणार नाहीत.”

तेवढ्यात दारातून तपासनिसाचा आवाज आला.

“काका, खरवडायचा ना रंग?”

“थांबा. मी लावलाय, मीच काढतो.”