टिटवी गेली, काकडी आली

...काकडी! नाही, तुम्हीच सांगा, काकडी हे काय बेसबॉलच्या संघाचं नाव झालं? आणि साधी काकडी नाही हो, चिडकी! 'ऑस्टरबीच्या चिडक्या काकड्या'! ती बघा, तिसऱ्या बेसपाशी नाचतेय, आत माणूस घातलेली, हिरवीगार, भुवया वर चढवलेल्या... अहो, आमच्या भागात मका होतो, सोयाबीन होतं, डुकरं होतात. काकडी कुणी लावली इथं? मी त्या ट्रेंटला विचारणार होतो. ट्रेंट म्हणजे नावं बदलून देणाऱ्या कंपनीचा पोरगा, पांढरे बूट, शिकागोहून आलेला. मेर्लनं विचारलं माझ्या आधी, मेर्ल माझा शेजारी, त्याला दम धरवत नाही. तर ट्रेंट म्हणतो, "काका, तीच तर गंमत! नाव ऐकलं की माणूस विचारतो, काकडी का? तिथंच टोपी खपते!" सगळे हसले.

तुम्हाला सांगतो, एकसष्ट सालापासून हा संघ टिटव्यांचा. ऑस्टरबीच्या टिटव्या. आणि ते नाव पडलं माझ्या बायकोमुळं, आर्डिसमुळं. ती जाऊन दोन हिवाळे झाले. घरातले तिचे कोट मी देऊन टाकले, मुलं नाहीत आम्हाला, थडग्यावर नाव आहे ते फक्त आडनावाखाली बारीक अक्षरात... तिचं म्हणावं असं गावात एवढंच उरलं होतं, हे नाव. ते राखायचं म्हणून मी नाव बदलायच्या सभेला गेलो. मी! ज्यानं लग्नात 'हो' म्हणायलाही पाद्रीबाबाला दोनदा विचारायला लावलं, तो!

सभा चर्चच्या तळघरात. लिंडक्विस्टबाई अध्यक्ष, पुढ्यात स्वयंपाकघरातलं टिकटिकणारं घड्याळ. "प्रत्येकाला तीन मिनिटं हं! हार्लन, तुम्ही बोलणार?" मी उठलो. टोपी काढली. घसा खाकरला. खुर्ची सरळ केली. म्हटलं, "आर्डिस..." आणि थांबलो. मेर्ल खालून कोट ओढतोय, "बोल रे, बोल की! एक मिनिट गेलं!" अहो, पण बोलू काय? काय काय सांगायचं त्या तळघरात, लोक केक खाताना?

मी या मैदानाचा माळी होतो. एकसष्ट साली एप्रिलमध्ये आमची मुलगी झाली आणि... झाली, एवढंच. रडलीच नाही. दवाखान्यातून आर्डिस घरी आली ती खिडकीशी बसली. जेवण वाढायची, धुणं धुवायची, पण तोंडातून शब्द नाही. आमच्या घरात बोलणारी तीच होती हो! ती गप्प, मी आपला गप्प. दोन गप्प माणसं आणि एक भिंतीवरचं घड्याळ.

मे महिन्यात मी मैदानावर रोलर फिरवायला निघालो तर उजव्या बाजूला, उघड्या मातीत, टिटवीची चार अंडी. ना काटकी, ना गवत. संघाचा मालक म्हणाला, "उचल ती, शनिवारी सामना आहे." आर्डिस डबा घेऊन आली होती, कुंपणाशी उभी. मी फावडं घेऊन पुढं गेलो, तर टिटवी पंख मोडल्यासारखा लोळवत, लंगडत, ओरडत माझ्यापुढून चालली. मला वाटलं, बिचारी जखमी झाली! मी फावडं टाकून तिच्यामागं. ती लंगडतेय, मी वाकून "ये गं, ये गं" करतोय, पार कुंपणापर्यंत. तिथं ती झटक्यात उडाली, आणि मी तोंडावर, चिखलात!

आणि आर्डिस हसली.

एप्रिलनंतर पहिल्यांदा. तारेला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "फसवलं रे तुला, हार्लन! आई आहे ती! पिल्लांपासून लांब नेलं तुला, येड्या!" मग ती फावडं उचलून घेऊनच घरी गेली. दुसऱ्या दिवशी खुर्ची आणि छत्री घेऊन आली. अंड्यांभोवती दोरी बांधली, म्हणाली, "खेळा तुम्ही. इकडं कुणी आलं तर तंगडी मोडीन." तीन आठवडे बसली! पंचांनी नियमच केला, दोरीत चेंडू गेला की फलंदाजाला दोन बेस, आत कुणी शिरायचं नाही. बाहेरगावचे लोक चिडवायचे, "ए टिटव्या! अंडी उबवा, अंडी!" चिडवता चिडवता तेच नाव पडलं. घरातले तपकिरी पडदे फाडून आर्डिसनं पहिली टिटवी शिवली, आत माणूस घालून. ती टिटवी लंगडत यायची, आणि सगळं मैदान हसायचं. मला मात्र तिचं एकटीचंच हसणं ऐकू यायचं.

पिल्लं निघाली ती त्याच दिवशी पळायला लागली. आर्डिस बघत राहिली. म्हणाली, "चला, यांचं तरी झालं." मग खुर्ची मिटली.

आता हे तीन मिनिटांत कसं सांगायचं? आणि सांगितलं तर आमच्या पोरीचं चित्र काढून टोप्या खपवायचे हे! घड्याळ वाजलं. लिंडक्विस्टबाई हळूच म्हणाल्या, "हार्लन, झालं तुमचं?" मी म्हटलं, "आर्डिसला ते नाव आवडायचं." बसलो. हात वर झाले, काकडी निवडून आली. मेर्ल माझ्याकडं बघेना. मी टोपी घातली आणि निघालो.

बाहेर गाडीशी ट्रेंट आला. वाईट नाही हो पोरगा, दार उघडून धरलं माझ्यासाठी. म्हणाला, "आजोबा, मला वाईट वाटतंय. पण काय आहे, त्या नावामागं एखादी गोष्ट असती ना, तर आम्ही ते हमखास ठेवलं असतं."

मी म्हटलं, "नाही रे बाबा. एक पक्षी होता, एवढंच."