वसंताचं इमान अन् वांग्याचा मळा

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तवाची गोष्ट. नांदुऱ्याच्या आपल्या वसंतानं मोटारीचं जुनं इंजिन लावून आभाळात उडायचं इमान बनवलं होतं, मालूम आहे ना? इंजिन लय जोरात फिरे अन् इमानाच्या पंख्याले तं हळू फिरणं पाह्यजे. म्हणून त्यानं मधात लहानमोठ्या पुल्या अन् पट्टा बसवून वेग उतरवला. वावरात पळवलं तं चाकं जमिनीवरून सुटली! "आता उडतोच बे," म्हणे.

त्याच आठवड्यात विहिरीवरचं इंजिन बंद पडलं, वांगी सुकू लागली. बाप म्हणाला, "तुहं इंजिन दे बापा, एवढ्या उन्हाळ्यापुरतं." वसंतानं पुल्या-पट्ट्यासकट विहिरीवर बसवून देलं. मळा वाचला.

पुढच्या वर्षी मी विचारलं, "काऊन बे, इंजिन काढत नाही?"

तो पाटातल्या पाण्याकडे पाहत म्हणाला, "बाबा म्हणतेत, इतकं चांगलं चालून राह्यलं, आता त्याले हात नको लावू."