भिंतीवरची गाडी

आखातातल्या रोल्ला स्टॉपवर बसच्या रांगेत विनिताचा मोबाइल बंद पडला, म्हणून कान उघडे राहिले. पुढे मळक्या डांगरीतले दोघे होते.

"मुबारक हो, दगडूभाऊ! गरिबांच्या यादीतून नाव उडालं म्हणे. आठ जणांच्या खोलीत झोपणारे श्रीमंत!"

"गावी सर्व्हेवाला आलेला. भिंतीवर माझा फोटो दिसला, गाडीला टेकून काढलेला. लिहून गेला, घरात चारचाकी आहे."

"ती तर शेठची! तुम्ही फक्त धुता."

"बायकोला कुठे माहितीय? तिनेच कौतुकाने दाखवला."

"मग सांगा ना तिला खरं! रेशन तरी चालू होईल."

"सांगणारच होतो रे. पण परवा पोरीला बघायला पाहुणे आले. त्यांनीही तोच फोटो बघून होकार दिलाय."